बटण फुकट, बाकी सगळं विकत

माझ्या सासूबाई कुठल्याही वस्तूची किंमत तोळ्यात मोजतात. २०१६ साली मी पक्ष्यांचे फोटो काढायला निकॉनची २००-५०० मिलिमीटरची, दूरचं जवळ दाखवणारी लेन्स घेतली, तेव्हा खोकं उघडायच्या आधी त्यांनी बिल उघडलं. "अगं, हे तर तीन तोळ्यांच्या वर गेलं!" हिशोब चोख होता. सोनं तेव्हा तोळ्याला तीस हजारांच्या आसपास आणि लेन्स लाखाला टेकलेली. आज सोन्याने लाख कधीच ओलांडलाय आणि ती लेन्स सेकंडहँड बाजारात अर्ध्या तोळ्यापाशी घुटमळते. सासूबाई हे कधी बोलून दाखवत नाहीत. रोज सकाळी पेपरातला सोन्याचा भाव मात्र मोठ्याने वाचतात.

छंद म्हटला की पैसा जाणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सतार घेणाऱ्याला विचारा, डोंगर चढणाऱ्याला विचारा. पण फोटोग्राफीचं गणित जरा विचित्र आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत टीव्ही स्वस्त झाले, हार्ड डिस्क स्वस्त झाल्या, फोनवर बोलणं तर जवळजवळ फुकट झालं. कॅमेरा तेवढा अलीकडच्या वर्षांत महाग होत गेला, आणि तोही नेमका फोटो काढायला दमडी लागेनाशी झाल्यावर. असं का व्हावं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय. बहुतेक वेळा तो ईएमआय कापल्याचा मेसेज आल्यावर पडतो.

आमच्या घरातला पहिला कॅमेरा बाबांचा, आग्फा क्लिक थ्री. त्यात १२० नंबरचा रोल बसायचा आणि त्यावर बारा फोटो निघायचे. त्या बारात महाबळेश्वर, आजीची पंचाहत्तरी आणि धाकट्याचं जावळ एवढं सगळं बसवायचं. बाबा सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभे करायचे, मागे सरकायचे, पुन्हा पुढे यायचे, कुणाचा पदर नीट करायला सांगायचे, आणि मग ऐन वेळी म्हणायचे, "राहू दे, ढग आलाय." पुढे याशिका एमएफ-२ आली आणि ३६ फोटोंचा रोल आला. हात थोडा सैल झाला, पण थोडाच. रोल नीट भरला तर ३६ च्या जागी ३७ किंवा ३८ निघतात, ही त्या काळातली मोठी कमाई होती. रोल संपेपर्यंत तो धुवायला टाकायचा नाही, असा घरचा कायदा होता. त्यामुळे गणपतीचे फोटो मार्गशीर्षात हातात पडायचे आणि त्यातच दिवाळीचा किल्लाही असायचा.

म्हणजे खर्च होता तो प्रत्येक फोटोला. कॅमेऱ्याचे पैसे एकदा दिले की दिले. नंतर रोल विकत, रोल धुण्याचे वेगळे, प्रिंटचे वेगळे. पोस्टकार्ड साइज हवी की मॅक्सी, यावरून काउंटरपाशी कुजबुज चालायची. धरून-मोजून चालणाऱ्या माणसालाही हा छंद परवडायचा, कारण खर्चाचा नळ त्याच्या हातात होता. यंदा जमत नाही, तर यंदा एकच रोल. कॅमेरा कपाटात पडून राहिला म्हणून कोणी दंड लावत नव्हतं.

कंपन्यांनाही हे सोयीचंच होतं. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने आणलेला पहिला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरचा होता, १०० फोटोंचा रोल आत भरूनच यायचा. रोल संपला की कॅमेराच अमेरिकेतल्या रोचेस्टर गावी कारखान्यात पाठवायचा आणि १० डॉलर भरायचे. फोटो धुऊन, नवा रोल भरून कॅमेरा घरी परत. १९०० साली त्यांचा ब्राउनी आला, तो तर एका डॉलरला. एका डॉलरच्या खोक्यात काय नफा असणार? नफा रोलमध्ये होता. कॅमेरा जितक्या घरांत जाईल तितके रोल खपतील, म्हणून कॅमेरा स्वस्त ठेवण्यातच कंपनीचं हित होतं. शंभरएक वर्षं हौशी माणसाला स्वस्त कॅमेरा मिळत राहिला तो या व्यवहारामुळे. कोणाला आपल्या कलेचा पुळका आला होता म्हणून मिळाला नाही.

त्याही आधी मात्र हा श्रीमंतांचाच खेळ होता. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली, आपल्या देशातली पहिली. तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीने भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी आपली शिकलेली, ऐपतदार माणसं होती. काचेवर ओलं रसायन चढवायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेट म्हणजे चांदी; कागदावरच्या छपाईला रंग चढावा आणि ती टिकावी म्हणून गोल्ड क्लोराइड. हे वाचलं तेव्हा मी धावत जाऊन सासूबाईंना सांगितलं, की आई, पूर्वी फोटोत खरोखरीच सोनं घालायचे! त्या म्हणाल्या, "मग ते परत काढता येत असेल." आता यावर काय बोलणार.

तर मुद्दा असा, की हा छंद मधल्या शंभरेक वर्षांपुरता सर्वांचा झाला होता. आणि तो सर्वांचा होता म्हणून परवडत होता. आमच्या गावातल्या कलर लॅबवाल्याने एकदा हे मला फार नेमकं सांगितलं होतं. त्याच्या मशीनमधलं रसायन पडून राहिलं की बिघडतं. रोज ठरावीक रोल आत गेले तरच ते ताजं राहतं. "तुमच्या डोंगर-सूर्यास्तांवर माझं दुकान चालत नाही, ताई," तो म्हणाला. "लग्नं, मुंजी, बारशी आहेत म्हणून तुमचे सूर्यास्त स्वस्तात धुऊन मिळतात." तेव्हा मी फक्त हसले होते.

डिजिटल आलं तेव्हा आधी रोल गेला. २००३ साली कॅननचा ३००डी हा लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा हजार डॉलरच्या आत आला, मग निकॉनचा डी७० आला, आणि आमच्या फोटोग्राफी क्लबातली मंडळी वेडावली. बटण फुकट झालं! पण बटण फुकट झालं म्हणजे कंपनीचा रोलवरचा नफाही गेला. आता कमवायचं ते कॅमेऱ्यावरच. तरीही काही वर्षं मजेत गेली, कारण तेव्हा जो तो डिजिटल कॅमेरा घेत होता. खिशात मावणारा, चांदीच्या रंगाचा, मागे छोटा पडदा असलेला. सहलीला, लग्नाला, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या सीपा या संघटनेचे आकडे बघितले तर २०१० साली जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. त्यातले बहुतेक सगळे या छोट्या, साध्या जातीचे. हौशी माणसाचे लेन्स बदलणारे कॅमेरे त्यात दहा टक्क्यांच्या जरा वर.

मग फोनमध्ये कॅमेरा आला. सुरुवातीला आम्ही त्याला नाकं मुरडली. २०२३ साली तोच आकडा ७७ लाखांवर आला होता. बारा कोटींवरून ७७ लाख.

वडापच्या जीपने कधी गावाकडे गेला असाल तर कळेल. पंधरा माणसं कोंबली की प्रत्येकाला भाडं थोडं पडतं. वाटेत तेरा उतरली आणि पुढे कोणी चढलंच नाही, तर ड्रायव्हर मागे वळून उरलेल्या दोघांकडे बघतो. त्याला गाडी न्यायची आहे, डिझेल तेवढंच लागणार आहे. आमचं तसं झालं. नवा सेन्सर बनवायचा, नवं प्रोसेसर बनवायचं, काच घासायचे कारखाने चालू ठेवायचे, या सगळ्याचा खर्च पूर्वी महाबळेश्वरला घोड्यावर बसून फोटो काढणारं प्रत्येक कुटुंब थोडा थोडा उचलत होतं. ती सगळी मंडळी फोन घेऊन उतरून गेली. आम्ही मात्र इतकी वर्षं "फोनवाले फोटोग्राफर" म्हणून त्यांची टिंगल करत राहिलो. आमच्या छंदाला जी सबसिडी होती, ती त्यांची होती.

हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं आपोआप जुळतं. कंपन्यांनी खालच्या पायऱ्या काढून टाकल्या, कारण तिथलं गिऱ्हाईकच उरलं नाही. दहा वर्षांपूर्वी कॅननचा १३००डी किट लेन्ससकट पंचवीस-तीस हजारांत मिळायचा, आणि कॉलेजच्या पोराला "हा घे, शीक" म्हणून सांगता यायचं. त्या पायरीवर आता जेमतेम एखाददुसरं मॉडेल आहे, आणि तेही त्या किमतीत नाही. २०१८ साली निकॉन आणि कॅनन दोघांनीही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची नवी तोंडं आणली. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. जुन्या लेन्सा अडॅप्टर लावून चालतात, हे खरं. पण अडॅप्टर लावलेला माणूस फार दिवस त्यावर राहत नाही, हे कंपनीलाही ठाऊक असतं. त्यात आपल्याकडे कॅमेरा येतो बाहेरून, त्यामुळे चलनाचा भाव हलला की आपली किंमत हलते. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा डिजिटल कॅमेरा २८ टक्क्यांच्या खान्यात होता. जानेवारी २०१९ पासून तो १८ वर आला. त्याआधीच्या डिसेंबरात खरेदी थांबवून बसलेली माणसं मला ठाऊक आहेत. मी काही थांबले नव्हते.

पण ज्यांना पक्षी काढायचे आहेत त्यांच्या खर्चाला आणखी एक कारण आहे, आणि त्याला कंपनीला बोल लावता येत नाही. ते कारण म्हणजे उजेड.

लेन्सवर एफ-४, एफ-५.६ असे आकडे असतात. फोकल लांबीला, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याला, त्या आकड्याने भागलं की प्रकाश आत यायची वाट किती रुंद आहे ते कळतं. ३०० मिलिमीटरची एफ-४ लेन्स घेतली तर ७५ मिलिमीटर. ६०० ची एफ-४ घेतली तर १५०. रुंदी दुप्पट, म्हणजे पुढच्या काचेचं क्षेत्रफळ चौपट, आणि काच त्या मानाने जाडही लागते, म्हणजे वजन आणखी वाढलं. वीतभर रुंद काच, आत एक बुडबुडा नको, एक रेघ नको. त्यातच रंग फाटू नयेत म्हणून खास काच, काही लेन्सांत फ्लोराइटचे स्फटिक. हे कॅननने १९६९ मध्येच लेन्समध्ये बसवून दाखवले होते. असला माल कारखान्यात धडाधड निघत नाही. म्हणून ६०० एफ-४ ची किंमत आज दहा लाखांच्या पुढे असते. आमच्या ग्रुपमध्ये कोणी ती घेतली की त्याच्या नव्या गाडीला मिळाली नसती एवढी अभिनंदनाची फुलं आणि हात पडतात.

आणि एवढं करून तुम्हाला मिळतं काय? एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, फार तर दीड स्टॉप जास्त उजेड. सकाळी सात वाजता, कोवळ्या उन्हात, माझी ५.६ आणि शेजाऱ्याची ४ यांत तेवढाच फरक. पण पक्षी नेमके त्याच वेळी उडतात. खंड्या पाण्यात सूर मारतो तो दुपारी बारा वाजता, स्वच्छ उन्हात मारता तर ही अर्धी बाजारपेठ बंद पडली असती.

हे गणित मला कुठल्या पुस्तकापेक्षा भिगवणच्या नावाड्यांनी छान शिकवलं. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगाव, डिकसळ या भागात हिवाळ्यात रोहित येतात, पट्टकादंब येतात, चित्रबलाक तर असतातच. मासे धरणाऱ्या कुटुंबांतलीच पोरं तिथे पर्यटकांना नावेतून फिरवतात. पहिल्यांदा गेले तेव्हा नावाड्याने मला नाव-गाव विचारण्याआधी विचारलं, "किती एमएम हाय, ताई?" मला वाटलं, चौकशी. तो अंतर ठरवत होता. "चारशे असली तर जरा जवळ न्यायला लागतं, पाखरू बुजतं. पाचशे-सहाशे असली की हितनंच भागतं." वल्ही थांबवायची जागा तो लेन्सवरून ठरवत होता. सोबत फोन घेऊन आलेली चार माणसं असली, की रोहितांचा अख्खा थवा उठतो, हे त्याचं दुसरं निरीक्षण. म्हणजे मोठ्या लेन्सचे पैसे काही अंशी पाखरांच्या बाजूनेही खर्च होतात, असं मी घरी सांगून बघितलं. विशेष परिणाम झाला नाही.

भिगवणला जे पैसे जातात ते मला कधी डाचले नाहीत. नाव, चहा, घरचं जेवण, पिठलं-भाकरी, कधी चिलापी. ते पैसे कोणाच्या हातात पडतात ते समोर दिसतं. त्या पोरांना पक्ष्यांची इंग्रजी नावं आमच्यापेक्षा चोख येतात. शटर स्पीड किती ठेवावा हेही सांगतात, आणि बरोबर सांगतात.

मला डाचतात ते हाइडचे पैसे. अलीकडे बऱ्याच ठिकाणी असतात. कापडाच्या आडोशाला ओळीने खुर्च्या, समोर पाण्याची छोटी कुंडी, दाणे, आणि कॅमेऱ्यापासून मोजून ठेवलेली शेवाळी फांदी. पक्षी येतो, फांदीवर बसतो, आठ कॅमेरे एकदम कडकडतात. फोटो सुरेख येतो, मागचं सगळं हिरवं मऊ. रात्री ग्रुपवर आठ जण आठ फोटो टाकतात आणि ते सगळे एकच असतात. तीच फांदी मी मागच्या वर्षी कुणाच्या तरी फोटोत बघितलेली असते. मी हाइडला जात नाही असं नाही. वयाने गुडघे बोलायला लागले की खुर्चीची किंमत कळते. पण तिथे आपण फोटो विकत घेतो, फक्त बटण आपण दाबतो, एवढं मला स्वतःशी कबूल करायला हरकत नाही.

आणि जंगल. लेन्स घेतली की तिला फिरवायला न्यावं लागतं, हे दुकानात कोणी सांगत नाही. ताडोबाला मोहर्ली गेटपाशी पहाटेच्या अंधारात जिप्सींची रांग लागते तेव्हा मी मनातल्या मनात हिशोब करते. पुण्याहून नागपूर किंवा चंद्रपूर, तिथून पुढची गाडी, दोन रात्रींची खोली, प्रत्येक फेरीला जिप्सी, प्रवेश आणि गाईड. दोन-तीन वर्षांचे हे आकडे मांडले की लेन्स बिचारी स्वस्त वाटायला लागते. वाघ दिसला नाही तरी पैसे तेवढेच. माझ्या मते न दिसलेल्या वाघाच्या फेऱ्या जास्त चांगल्या होतात, कारण गाईड कंटाळून सर्पगरुड दाखवायला लागतो. पण हे वाघ न दिसलेल्यांनीच म्हणायचं असतं.

बायकांचा या छंदाचा खर्च पुरुषांपेक्षा जास्त असतो, आणि तो कुठल्याच दुकानाच्या बिलावर येत नाही. पहाटे तीनला एकट्याने बाइक काढून भिगवणला निघणं ग्रुपमधल्या मुलांना जमतं. मला ओळखीचा ड्रायव्हर लागतो, किंवा नवरा लागतो, आणि नवऱ्याची रजा ही काही फुकट मिळत नाही. चार पुरुष एका खोलीत पथारी पसरतात. त्या ग्रुपमध्ये मी एकटी बाई असेन तर माझी खोली वेगळी, भाडं पूर्ण. म्हणून आम्ही चौघीजणींनी आमचा वेगळा गट केला. खर्च खाली आला, गप्पा वाढल्या, आणि नदीकाठी बाथरूम कुठे आहे हे ठिकाण ठरवायच्या आधी विचारायची सोय झाली.

त्यामुळे "रोलचा जमाना काय छान होता" असं कुणी उसासून म्हटलं की मी त्यात सूर मिसळत नाही. त्या जमान्यात आमच्या घरचा कॅमेरा पुरुषांच्या गळ्यात असायचा. अल्बम काढून बघा, आया-आत्या सगळ्या फोटोत आहेत, फोटोमागे एकही नाही. बारा फोटोंचा रोल मुलीच्या हातात देऊन "चुकला तर चुकू दे" म्हणणारा बाप मी तरी पाहिला नाही. होमाई व्यारावालांसारखी, जे. जे. मध्ये शिकलेली आणि पुढे देशाची पहिली महिला छायापत्रकार म्हणून नाव झालेली बाई, तिचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. फुकट बटणाने आम्हाला चुका करायची मुभा दिली, आणि ती मुभा मी माझ्या सगळ्या ईएमआयपेक्षा मोठी समजते.

पण फुकट बटणाला पाठीमागून बिल येतं. आजचा ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा रॉ, म्हणजे काटछाट न केलेली मूळ फाइल काढतो ती सुमारे ५० एमबीची. सेकंदाला २० फोटो. बगळ्याने पाच सेकंद पंख हलवले की १०० फोटो, पाच जीबी, आणि त्यातला ठेवायचा एक. त्या वेगाला साधं कार्ड पुरत नाही, वेगळ्या जातीचं लागतं. मग कार्ड रीडर. मग हार्ड डिस्क, आणि ती कधीतरी दगा देणार म्हणून तिच्या जोडीला दुसरी. मग लॅपटॉप "जरा हळू चालतोय" असं वाटू लागतं. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर पूर्वी एकदा घेतलं की आपलं असायचं. लाइटरूमची अशी विकत मिळणारी शेवटची आवृत्ती २०१५ ची, सहावी. आता भाडं. मी फोटो काढले नाहीत तरी दर महिन्याला जातं. बाबांच्या कपाटात सहा-सहा महिने पडून राहणारा आग्फा मला या वेळी हटकून आठवतो. तो पडून राहून काही मागत नव्हता.

आणि आपली हवा! पावसाळ्यात लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. कोकणात आणि मुंबईत तर एका जूनमध्ये धरते. पूर्वी आम्ही स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवायचो आणि पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर भाजून घ्यायचो. चपातीच्या तव्यावर हे काय भाजतेस, यावरून एकदा घरात बराच वाद झाला होता. आता ड्राय कॅबिनेट घेतलं आहे, आत दमटपणा चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर धरून ठेवणारं, काचेच्या दाराचं, दिवा असलेलं. दिवाणखान्यात देवघरानंतर दिवा असलेली तीच एक जागा. पाहुणे हमखास विचारतात, यात काय ठेवता? नवरा म्हणतो, "फिक्स्ड डिपॉझिट."

कुणी नव्याने या छंदात यायचं म्हणालं, तर मी एवढंच सांगते, की सध्या जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा घ्या. मिररलेसच्या लाटेत लोक चांगले चांगले कॅमेरे काढून टाकत आहेत. २०१६ चा निकॉन डी५०० आणि माझ्याकडे होती तशी २००-५००, या जोडीवर भारतातल्या पक्षीवेड्यांची एक अख्खी पिढी पोसली गेली. ती जोडी आज निम्म्याहून कमी पैशात मिळते आणि खंड्याला जुन्या-नव्यातला फरक कळत नाही. मुंबईच्या बोरा बझारात किंवा ओळखीच्या माणसाकडून घ्या, टॉर्च मारून काचेत बुरशी बघा, शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत ते विचारा, बिल मागा. बिल नसेल तर स्वस्त का मिळतंय ते तुमचं तुम्हाला कळलं पाहिजे.

एक गंमत मात्र सांगायची राहिली. माझी भाची मागच्या दिवाळीला आली आणि माझ्या खणात हात घालून तिने जुना, चांदीच्या रंगाचा, दहा मेगापिक्सेलचा डबा बाहेर काढला. "आत्या, हा देशील? सध्या याचीच क्रेझ आहे." फोनमधले फोटो तिला फार गुळगुळीत वाटतात. फ्लॅश मारून चेहरे पांढरे फटक, डोळे लाल, कोपऱ्यात तारीख, असे फोटो हवेत. ज्या कॅमेऱ्यांना दहा वर्षं कुणी हात लावला नव्हता त्यांचे भाव म्हणे वाढलेत. मी तिला तो देऊन टाकला. उतरून गेलेल्या तेरांतली एक तरी पुन्हा जीपमध्ये चढत असेल तर आपण कशाला दार लावा!

गेल्या महिन्यात मी माझा जुना डी७२०० आणि ७०-३०० लेन्स विकायला काढली. बारामतीकडचा एक मुलगा आला, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. त्याने सगळं नीट तपासलं. मोबाइलची टॉर्च लावून काच बघितली, खिडकीतून समोरच्या वायरीवरचा वेडा राघू काढून बघितला, शटर काउंट विचारून घेतला आणि "दीड लाखाचं रेटिंग आहे ना याचं," असं म्हणून भाव पाडायला सुरुवात केली. दोनदा चहा झाला. मी थोडी खाली आले, तो थोडा वर आला, आणि मग त्याने आईला फोन लावून माझ्या हातात दिला. पैसे आई देणार होती. दूध संघाच्या बिलातले.

"ताई, बिल हाय न्हवं त्याचं?" त्यांनी विचारलं. आहे म्हटलं, बॉक्सही आहे.

"मग झालं. आता ह्याच्यापुढं आणिक काय घ्यायला लागायचं न्हाई न्हवं?"

मुलगा माझ्याकडे डोळे लावून बसला होता. मी म्हटलं, लगेच काही नाही. कार्ड मी देतेय. एक बॅग तेवढी लागेल, जरा मऊ अस्तराची.

"बॅग हाय की त्याची कालिजची," त्या म्हणाल्या. "अन् आत माझी जुनी शाल घालील."